तुरळक ठिकाणी

सव्वासहाला लाल दिवा लागतो
आणि आख्ख्या काउंटीचं आभाळ
मी दोन मिनिटांत वाचून दाखवते.

कागद नैरोबीहून येतो, इंग्रजीत,
वर खात्याचा शिक्का, खाली कुणाची तरी घाईतली सही.
मार्साबिटच्या डोंगरावर सकाळी धुकं.
चाल्बीच्या वाळवंटात कोरडं, वारा आग्नेयेकडून.
उत्तरेला मोयालेच्या बाजूला तुरळक ठिकाणी
हलक्या सरींची शक्यता.

हे सगळं बोरानात सांगायचं.
धुकं सोपं, वारा सोपा.
'शक्यते'पाशी मी अडखळते.
येईलसं वाटतं, असं म्हटलं
तर लोक फोन करून विचारतात :
कुणाला वाटतं?

पहिल्या वर्षी मी 'चाळीस टक्के' जसंच्या तसं वाचलं.
चौथ्या दिवशी म्हातारा अदानो पायी स्टेशनवर आला,
काठी दाराला टेकवली, चहा घेतला, वर साखर मागितली,
आणि म्हणाला, शंभरातले चाळीस ढग
माझ्या वाट्याचे कुठले, तेवढं सांग.
तो स्वतः बोकडाची आतडी वाचतो,
शिरांच्या वळणात पुढचा हंगाम बघतो.
तुमचाही अंदाज चुकतोच की, मी म्हटलं.
चुकतो, तो म्हणाला,
पण मला निदान बोकड मिळतो.

मग ते पाच हंगाम.
गन्ना गेला, हगय्या गेला, परत गन्ना.
मी एकच वाक्य वाचत राहिले, सरासरीपेक्षा कमी,
इतक्यांदा, की कागद न बघता येऊ लागलं.
मैकोनाच्या वाटेवर लॉरीवाले
उकाड्यातही काचा लावून घेत, वासामुळे.
भावाच्या मुलानं विचारलं, आत्या, सरासरी म्हणजे काय?
तो पाच वर्षांचा होता.
त्यानं ती पाहिलेलीच नव्हती.

एका एप्रिलात कागद आला : सरासरीपेक्षा जास्त.
मी तो दोनदा वाचला, नियम सोडून,
मागे लग्नातलं गाणं लावलं.
तंत्रज्ञ डोटी काचेपलीकडे नाचला,
हेडफोनची वायर तुटेपर्यंत.

आणि आला. रात्रभर, गार, वाऱ्यासकट.

सकाळी पहिला फोन धाकी हुकाचा.
एकशेअकरा होत्या, ती म्हणाली,
पाच हंगाम ओढून आणल्या,
पुठ्ठे भिजवून घातले, माझ्या वाटचं पीठ घातलं.
अंगात चरबी नाही तर ऊब कुठून येणार?
उभ्या उभ्या गारठल्या. चौदा उरल्यात.
तू पाऊस सांगितलास.
थंडी सांगितली नाहीस.

फोन थेट प्रसारणात होता.
मला तो तोडता आला असता.
तिच्या मागे पाणी वाहत होतं, भरपूर,
आणि पोरं त्यात ओरडत होती,
खूश होती की काय, कळत नव्हतं.

तेव्हापासून कागदावर नसलेली एक ओळ
मी शेवटी जोडते.
ढग असतील तर अशक्त जनावर आडोशाला घ्या,
खाली राख पसरा, करडं झोपडीत.
साहेबांनी एकदा विचारलं, हा कुठल्या खात्याचा अंदाज?
धाकी हुका यांचा, मी म्हटलं.
त्यांनी नाव वहीत लिहून घेतलं, हुद्दा विचारला.

आज डोंगरावर धुकं आहे. इथून खिडकीतूनच दिसतंय,
पाण्याच्या टाकीपर्यंत उतरलंय.
बाकी कोरडं. तुरळक ठिकाणी, उत्तरेला,
आणि पुन्हा तो शब्द.

त्याच्या जागी हल्ली मी म्हणते :
आज रात्री उंट बांधताना
गाठ सैल मारा.
एवढं सगळ्यांना कळतं.
अदानोनंसुद्धा अजून फोन केलेला नाही.